जुळवून घे, बाई!

लग्ने जुळवणाऱ्या माणसांना आपल्याकडे मोठा मान असतो. पंगतीत त्यांना आग्रह होतो, आहेराच्या यादीत त्यांचे नाव वर असते, आणि जोडप्याचे बरे चालले तर "ते स्थळ मीच सुचवलं होतं" असे सांगायला ते जन्मभर मोकळे! माझा उद्योग याच्या अगदी दुसऱ्या टोकाचा. कुटुंब न्यायालयात समुपदेशक म्हणून मी जवळजवळ सत्तावीस वर्षे नोकरी केली. एखाद्या कार्यात कुणी माझी अशी ओळख करून दिली की समोरच्या बाई घाईघाईने हसतात आणि आपल्या लेकीला नि जावयाला हळूच माझ्यापासून दूर नेतात. जणू काही मी म्हणजे सांसर्गिक रोगच! काही धीट माणसे मात्र विचारतात, "म्हणजे तुम्ही मोडलेले संसार सांधता म्हणा की!" या प्रश्नाला सरळ 'होय' म्हणणे मला कधीच जमले नाही. ते का, हेच या लेखात सांगावे म्हणते.

ज्यांना कोर्टाची पायरी चढावी लागली नाही अशा सुदैवी वाचकांसाठी आधी थोडी माहिती देते. नवराबायकोचे तंटे खून-दरोड्यांच्या आणि शेतजमिनीच्या दाव्यांच्या गर्दीत चालू नयेत, त्यांच्यासाठी निराळे, माणुसकीचे न्यायालय असावे, ही कल्पना आपल्याकडे दुर्गाबाई देशमुखांनी मांडली. १९५३ साली त्या चीनला जाऊन आल्या, तिथली कुटुंब न्यायालये पाहून आल्या, आणि आल्यावर त्यांनी हा विषय लावून धरला. कायदा व्हायला मात्र १९८४ साल उजाडले. महाराष्ट्रात पुण्याला आणि मुंबईला अशी न्यायालये १९८९ साली सुरू झाली. वकील असणे हा इथे पक्षकाराचा हक्क नाही, न्यायालयाच्या परवानगीने तो येतो. प्रत्यक्षात काळे कोट भरपूर दिसतात ही गोष्ट निराळी! कुणा एका पक्षकाराने मागणी केली तर कामकाज बंद दाराआड चालते. आणि पुराव्याचा खल सुरू होण्याआधी जोडप्याला समुपदेशकाकडे पाठवतात.

ही समुपदेशकाची खोली म्हणजे एक टेबल, चार खुर्च्या, फायलींनी फुगलेले एक कपाट, पाण्याचा तांब्या आणि कोपऱ्यात लहान मुलांसाठी ठेवलेली काही मोडकी खेळणी. तिथे बोललेले शब्द पुरावा म्हणून न्यायाधीशांपुढे जात नाहीत. म्हणून तर माणसे तिथे बोलतात. बाहेर शिपाई नावांचा पुकारा करीत असतो, आणि आत कुणीतरी पाच वर्षांत प्रथमच मोकळेपणाने रडत असते.

कायद्याने आम्हांला काम नेमून दिले ते समेटाचे. पुष्कळदा ते काम करण्यात मोठा आनंदही असतो. एक जोडपे तीन वर्षे वेगळे राहिले होते. भांडणाचे मूळ शोधता शोधता निघाले काय, तर गौरीला सुनेने माहेरच्या पद्धतीचे घावन-घाटले केले, आणि सासूबाईंनी ते पाहुण्यांच्या देखत नावे ठेवून बाजूला सारले! नवरा त्या वेळी वर्तमानपत्र वाचत बसला होता. "तुम्ही एक शब्द बोलला नाहीत," हे तिचे दुःख आणि "मी काय बोलणार होतो?" हा त्याचा प्रश्न. दोघे चार वेळा माझ्यासमोर बसली, भांडली, हसली, आणि पाचव्या तारखेला अर्ज काढून घ्यायला आली. अशा जोडप्यांना एका टेबलाशी जरूर बसवावे. थोडे याने सोडावे, थोडे तिने. दोघांनाही एकमेकांसमोर आवाज चढवता येतो, ही त्यातली जमेची बाजू.

पण त्याच दारातून दुसऱ्या तऱ्हेची जोडपीही येत. पहिल्या नजरेला ती फार समंजस वाटत. आवाज चढत नसे. मी बाईंना काही विचारले की उत्तर देण्याआधी त्या नवऱ्याकडे पाहत. मी नवऱ्याला विचारले की तो तिच्याकडे न पाहता दोघांचे उत्तर देई. इथे भांडण नसते, धाक असतो. भांडणाला दोन माणसे लागतात. धाकाला एकच पुरतो. आणि जिथे धाक आहे तिथे 'थोडे तू सोड, थोडे तो सोडील' हा हिशेब लागू पडत नाही.

'आपल्यासारख्या घरांत असं काही नसतं' असे कुणा वाचकाच्या मनात येत असेल. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, महाराष्ट्रातल्या १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे दर चौघींतल्या एकीने नवऱ्याचा शारीरिक किंवा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले. त्या सगळ्या चौथीतल्या बायका झोपडीत राहत नाहीत. माझ्या टेबलासमोर बँकेतले अधिकारी बसले आहेत, डॉक्टर बसले आहेत, संस्कृतचे श्लोक म्हणणारे प्राध्यापकही बसले आहेत.

असेच एक जोडपे मला विसरता येत नाही. नवरा इंजिनिअर, बोलायला अतिशय नम्र. बाई एका शाळेत शिक्षिका. वर्षभर ती माहेरी होती आणि 'पत्नीने नांदायला यावे' असा अर्ज त्यानेच केला होता. बाईंबरोबर त्यांचे वडील आले होते. पोस्टातून निवृत्त झालेले गृहस्थ, हातात कापडी पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली आणि लेकीच्या लग्नापासूनचे सगळे कागद. आत येताच हात जोडून म्हणाले, "मॅडम, हिला जरा समजवा. माणूस चांगला आहे. हिनं थोडं जुळवून घ्यायला हवं."

मी बाईंना विचारले, "तुमचं काय म्हणणं?" त्यांनी नवऱ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "मी जायला तयार आहे."

झाले! समेट झाला म्हणून कागदावर लिहायला तेवढे वाक्य पुरेसे होते. एक फाइल कमी झाली असती, आणि न्यायालयाच्या खात्यात एक सांधलेला संसार जमा झाला असता. पण आमच्या खोलीचा माझा एक नियम होता: पहिल्या दिवशी दोघांशी वेगवेगळे बोलायचे, आणि घरात हात उगारला जातो अशी शंका जरी आली, तरी ती बोलल्याखेरीज एकत्र बैठक घ्यायची नाही. मी त्या दोघा पुरुषांना बाहेर बसायला सांगितले आणि दार लावून घेतले.

वीस मिनिटे बाई काही बोलल्याच नाहीत. मग त्यांनी विचारले, "हे बाहेर जाईल का?" मी म्हटले, "तुम्ही म्हणाल तेवढंच जाईल." मी त्यांना समेटाविषयी काही विचारले नाही. एवढेच विचारले, "घरी त्यांच्या येण्याची चाहूल लागली की तुम्हांला काय वाटतं?"

त्या म्हणाल्या, "मी आधी त्यांच्या चपलांचा आवाज ऐकते. चपला जोरात आपटल्या की मुलाला आतल्या खोलीत नेते."

मग एकेक गोष्ट बाहेर आली. पगार तिचा, पण बँकेचे कार्ड त्याच्या खिशात. रोज रात्री मोबाइल त्याच्या हाती द्यायचा, त्याने तो चाळून परत करायचा. पहिली थप्पड बसली ती तिने आपल्या पैशाने, त्याला न विचारता प्रेशर कुकर घेतला म्हणून. पुढे एकदा मनगट मोडले. दवाखान्यात तिने 'जिन्यावरून पडले' असे सांगितले, आणि नवऱ्याने डॉक्टरांसमोर मोठ्या काळजीने तिचा हात धरून ठेवला होता.

"वडिलांना हे ठाऊक आहे?"

"थोडी कुरबुर आहे, एवढंच सांगितलंय. त्यांना रक्तदाबाचा त्रास आहे."

त्यांना सांगायचे की नाही हे मी तिच्यावर सोपवले. पुढच्या तारखेला तिने स्वतःच वडिलांना माझ्यासमोर बसवले आणि सांगितले. ते गृहस्थ बराच वेळ पिशवीचे बंद हातात धरून बसून राहिले. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "तीन वेळा ही घरी आली. तिन्ही वेळा मी हिला परत पोचवून आलो. रिक्षाचं भाडंसुद्धा मीच दिलं."

त्यावर काय बोलावे हे मला सुचले नाही. त्या बाईंनी मात्र तांब्यातले पाणी पेल्यात ओतून त्यांच्यापुढे ठेवले.

त्यानंतर बाईंच्या इच्छेने एकत्र बैठक झाली. नवऱ्याबरोबर त्याचे मामा आले. त्यांनी शंभर रुपयांच्या स्टँपपेपरवर कराराचा मसुदाच टाइप करून आणला होता. पत्नीने उलट उत्तरे देऊ नयेत. पत्नीने माहेरी वारंवार फोन करू नये. पत्नीने सासूची सेवा करावी. आणि शेवटचे कलम, पतीने मारहाण करू नये. मामांना तो कागद फार न्याय्य वाटत होता, कारण दोन्ही बाजूंवर बंधने होती! मी त्यांना म्हटले, "मामा, पहिली तीन कलमं पाळली तर चौथं पाळायचं, असा याचा अर्थ होतो. मार न खाणं ही काही बायकोनं कमवायची गोष्ट नव्हे." कागद मी त्यांना परत दिला.

मग नवरा म्हणाला, "मॅडम, एकदोनदा माझा हात उठला हे मला मान्य आहे, पण..."

इथे मला कायद्याचा आधार होता. कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण करणारा कायदा २००५ साली झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून अंमलात आला. त्याखाली मॅजिस्ट्रेटच्या हुकमाने जे समुपदेशन होते त्याचे नियम मोठे वाचनीय आहेत. त्यांत सांगितले आहे की हिंसेचे कसलेही समर्थन प्रतिवादीला समुपदेशनात मांडता येणार नाही, आणि हे त्याला बैठक सुरू होण्यापूर्वीच बजावून सांगावे. ज्याने कुणी हे लिहिले त्याने आपल्या घरांतल्या बैठका फार जवळून पाहिल्या असाव्यात. आपल्याकडे मारहाणीची चौकशी सुरू होते आणि पाच मिनिटांत ती आमटीच्या मिठाची चौकशी होऊन बसते! आमची खोली कुटुंब न्यायालयातली असली तरी हाच नियम मी तिथेही पाळीत असे.

"पण नको," मी म्हटले. "हात उठला, इथपर्यंत सांगा आणि थांबा."

"पण तुम्ही कारण तर ऐका..."

त्या अर्ध्या तासात त्यांनी नऊ वेळा 'पण' म्हटले. मी कागदावर रेघा ओढीत होते. शेवटी मी विचारले, यापुढे हिंसा करणार नाही, पत्नीचे कार्ड तिला परत देईन, असे तुमच्या एकट्याच्या सहीने लिहून द्याल का? नियमांतही असे एकतर्फी हमीपत्र सांगितले आहे. त्यांचा चेहरा पालटला. "म्हणजे मी गुन्हेगार आहे असं लिहून देऊ?" ते म्हणाले, आणि टेबलावर जोराने हात आपटला. बाई दचकल्या. पण या खेपेला त्यांनी त्यांच्याकडे पाहिले नाही, माझ्याकडे पाहिले, आणि म्हणाल्या, "मला नाही जायचं."

मामा बाहेर पडताना वडिलांना म्हणाले, "अहो, तुमच्या मुलीला जरा समजावा." ते पोस्टातले गृहस्थ शांतपणे म्हणाले, "पुष्कळ समजावलं. आता ऐकून घेतोय."

ते लग्न टिकले नाही. दोघांनी परस्परसंमतीने घटस्फोट घेतला. १९७६ साली हिंदू विवाह कायद्यात ती सोय झाली आहे. न्यायालयाच्या समेटाच्या नोंदवहीत त्यांचे नाव कुठेही लागले नाही. तरी ते काम नीट झाले असे मला वाटते. कुटुंब न्यायालयाच्या कायद्यातही समेटाचा प्रयत्न 'प्रकरणाचे स्वरूप आणि परिस्थिती पाहून, शक्य असेल तिथे' करावा असे म्हटले आहे. या 'शक्य असेल तिथे'वर लोकांची नजर सहसा ठरत नाही.

याचा अर्थ ज्याने एकदा हात उगारला त्याला सुधारता येतच नाही, असे मी म्हणत नाही. एका कारखान्यातल्या कामगाराने माझ्यासमोर 'पण'शिवाय बोलून दाखवले. म्हणाला, "बाप मारायचा, मी मारलं. ती काही चुकली नव्हती." त्याने हमीपत्र दिले. त्याची बायको लगेच परत गेली नाही, आणि मीही तिला घाई केली नाही. आठ महिने ती बहिणीकडे राहिली. तो दर महिन्याला पैसे तिच्या स्वतःच्या खात्यात भरी, दारू सोडण्याच्या उपचाराला जाई, आणि रविवारी मुलीला भेटायला येऊन मुकाट्याने परत जाई. 'कधी येतेस?' असे त्याने एकदाही विचारले नाही. हीच मला खूण वाटली. धाक सोडलेला माणूस वाट पाहू शकतो. ती परत गेली तेव्हा घराची एक किल्ली तिच्याकडे होती, आणि शेजारच्या काकूंना सारे सांगून ठेवले होते.

विभक्त झाले म्हणजे त्रास संपला, असाही एक भाबडा समज आहे. ताटातूट झाल्यावर धाक दाखवायला एकच जागा उरते, ती म्हणजे मूल. मुलाला भेटायला म्हणून यायचे, आणि फाटकात उभे राहून त्याच्या आईला धमकवायचे. म्हणून अशा प्रकरणांत मूल सोपवताना आईबाप समोरासमोर येणार नाहीत अशी व्यवस्था आम्ही लिहून घेत असू. आजीने मुलाला आणावे, किंवा भेट न्यायालयाच्या आवारातल्या मुलांच्या खोलीत व्हावी. वेळ ठरलेली, जागा ठरलेली. हा तपशील कोरडा वाटतो, पण सात वर्षांच्या मुलाची रविवारची पोटदुखी त्यानेच थांबलेली मी पाहिली आहे.

"आणि खोट्या तक्रारींचं काय?" हा प्रश्न मला हटकून विचारतात. एखाद्या अर्जात कुणाच्या तरी सल्ल्याने तिखटमीठ लावलेले असते, हे खरे आहे. नवऱ्यांचीही दुःखे असतात, आणि ती मी त्यांच्याशी एकांतात बसून तितक्याच लक्षपूर्वक ऐकली आहेत. वेगवेगळे बसण्याचा फायदा इथेही होतो. ज्या बाईला धाक नाही ती दार लावल्यावरही तेच अर्जातले वाक्य पाठ म्हणते. जिला धाक आहे ती अर्जात नसलेले सांगू लागते.

आता दिवाळी आली आहे. पाडवा होईल, भाऊबीज होईल, लेकी माहेरी येतील. त्यांतल्या एखादीची बॅग चार दिवसांच्या मानाने जरा जड असेल. शाळेचे दाखले, मुलाच्या लशींचे कार्ड असे काहीबाही तिने साड्यांच्या खाली ठेवलेले असेल. मग ती चकल्या तळता तळता म्हणेल, "आई, मी थोडे दिवस राहू का?" त्या वेळी तुमच्या तोंडात 'जुळवून घे, बाई' हे शब्द येतील. ते दुष्टपणाने येत नाहीत हे मला ठाऊक आहे. धाकटीचे लग्न व्हायचे असते, वाड्यातले लोक विचारणार असतात, आणि आपल्या आईनेही आपल्याला तेच सांगितलेले असते. तरी ते शब्द गिळा. ती माहेरी येऊन एकदा बोलली आणि परतवली गेली, की पुढच्या खेपेला ती 'जिन्यावरून पडले' असेच सांगेल.

काही गोष्टी ठाऊक असू द्या. २००५ च्या कायद्याप्रमाणे हिंसाचार म्हणजे नुसती मारहाण नव्हे. अपमान, धमक्या, लैंगिक जबरदस्ती आणि पैशांची अडवणूक हेही त्यात येते. घर कुणाच्याही नावावर असो, ज्या घरात ती नांदली त्या घरात राहण्याचा तिला हक्क आहे. सासऱ्याच्या नावावरचे घरही त्यात येऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितले. कायद्याप्रमाणे जिल्ह्याजिल्ह्यांत संरक्षण अधिकारी नेमलेले आहेत, ते तिचा अर्ज लिहून देतात. विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रीला वकील फुकट मिळतो, तिचे उत्पन्न कितीही असो. महिलांसाठी १८१ आणि तातडीच्या वेळी ११२ हे फोन आहेत. पोलिसांकडे जायचे तर एकटीने जायलाच हवे असे नाही. १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबईत पोलिसांच्या आवारातच स्त्रियांसाठी जो विशेष कक्ष सुरू केला, तसे कक्ष आता राज्यात ठिकठिकाणी आहेत.

पण हे सगळे दुसऱ्या दिवशीचे काम झाले. पहिल्या दिवशीचे काम घरातलेच आहे. तिच्या बॅगेला कपाटात एक खण रिकामा करून द्या. जावईबापूंना बोलावून सगळ्यांदेखत सोक्षमोक्ष लावायची घाई करू नका. त्यांच्यासमोर ती 'मी जायला तयार आहे' असेच म्हणेल. घरातली माणसे निजली, की दोघींपुरता चहा टाका, दार लावून घ्या, आणि तिच्याजवळ बसा. वीस मिनिटे ती काही बोलणार नाही. तेवढा वेळ तुम्हीही काही बोलू नका.